दुसऱ्यांच्या संघांसाठी भरणारं शहर

(ओहायोतल्या मराठी मंडळींच्या मेळाव्यात झालेलं भाषण, शब्दांकन करून, थोडी काटछाट करून.)

नमस्कार मंडळी. अध्यक्षबाईंनी विषय वाचून दाखवला, ‘मध्यम आकाराच्या शहराला कॉलेज बास्केटबॉलच्या मोठ्या स्पर्धेचे सामने भरवता येतील का?’ तेव्हा कोलंबसकरांच्या दोन रांगांत हसू फुटलं, ते मी पाहिलं. सिनसिनाटीकर मात्र गप्प बसले. ते का गप्प बसले, तेही सांगणार आहे. मी डेटनची. माहेर सांगली, सासर कोल्हापूर, पण संसार डेटनला. त्यामुळे माझं उत्तर तुम्हाला ठाऊकच आहे. भरवता येतात. माझं तर म्हणणं आहे की मोठ्या शहरांपेक्षा चांगले भरवता येतात, आणि जे सामने आज फक्त मोठ्या शहरांना मिळतात त्यातलेही काही आपल्यासारख्या शहरांकडे यायला हवेत. हे मला बरेच दिवस कुणाला तरी नीट बसवून सांगायचं होतं. आज तुम्ही सापडलात.

मार्च महिन्यात काय होतं, हे इथे कुणाला समजावायला नको. तुमच्यातले निम्मे लोक ऑफिसात ब्रॅकेट, म्हणजे कोण जिंकणार याच्या अंदाजाचा तक्ता, भरतात आणि उरलेल्यांची मुलं भरतात. पण भारतातून आलेले आई-वडील बसले आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. देशभरातल्या कॉलेजांचे ६८ संघ असतात. हरला तो घरी. रविवारी संध्याकाळी यादी जाहीर होते आणि मंगळवार-बुधवारी आठ संघांचे चार सामने डेटनला होतात, त्यांना ‘फर्स्ट फोर’ म्हणतात. मग गुरुवार ते रविवार आठ शहरांत खेळ. प्रत्येक शहरात आठ संघ आणि सहा सामने. पुढच्या आठवड्यात चार शहरांत रीजनल म्हणजे विभागीय फेऱ्या, आणि शेवटी एका शहरात उरलेल्या चार संघांचं फायनल फोर. एवढं पुरे.

आता डेटन. २०२० च्या जनगणनेत शहराची वस्ती १,३७,६४४. १९६० साली ती २,६२,३३२ होती. म्हणजे साठ वर्षांत जवळजवळ निम्मं शहर उठून गेलं. रोखीची यंत्रं बनवणारी एनसीआर कंपनी म्हणजे डेटन, असं एके काळी समीकरण होतं. ती २००९ मध्ये जॉर्जियाला गेली. त्याच्या आदल्या डिसेंबरात, नाताळ दोन दिवसांवर असताना, डेटनला लागून असलेल्या मोरेनचा जनरल मोटर्सचा कारखाना बंद झाला. ज्या घरांत तीन-तीन पिढ्या त्या कारखान्यात गेल्या होत्या, त्या घरांतली मुलं माझ्या मुलीच्या वर्गात होती. तो हिवाळा मी विसरणार नाही. पुढे एनसीआरचं मुख्यालय डेटन विद्यापीठानं विकत घेतलं आणि आता तिथे संशोधनाचं काम चालतं. तिथून हाकेच्या अंतरावर विद्यापीठाचं बास्केटबॉलचं बंदिस्त मैदान, यूडी अरीना, आहे, आणि ज्या वर्षांत शहरातून सगळं जात होतं त्या वर्षांतही ती भरत होती. सुमारे १३,४०० खुर्च्या. स्वतःचा संघ खेळतो तेव्हा तर भरतेच. १९६७ मध्ये डेटनचा संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेला, यूसीएलएकडून हरला, आणि त्यानंतर दोन वर्षांतच ही नवी अरीना उभी राहिली. आत फरशीवर नाव आहे ‘ब्लॅकबर्न कोर्ट’, जुने प्रशिक्षक टॉम ब्लॅकबर्न यांचं.

एक गोष्ट राहून जाईल म्हणून इथेच सांगते. २०१९ च्या मे महिन्यात आमच्याकडे एका रात्रीत वादळांनी घरंच्या घरं उडवली. ऑगस्टमध्ये शहरातल्या ओरेगन डिस्ट्रिक्ट भागात गोळीबार झाला, नऊ माणसं गेली. त्यानंतरच्या हंगामात फ्लायर्स, म्हणजे आमच्या डेटन विद्यापीठाचा संघ, २९ सामने जिंकले आणि फक्त दोन हरले. आमचा खेळाडू ओबी टॉपिन याचा तो हंगाम. अख्खं शहर त्या पोरांवर जीव लावून होतं. आणि १२ मार्च २०२० ला स्पर्धाच रद्द झाली. महामारीपुढे कुणाचं काय चालणार! पण अजूनही डेटनमध्ये कुणाला ‘ते वर्ष’ म्हणा, समोरचा माणूस दोन क्षण बोलत नाही.

असो. आपला मुद्दा स्वतःच्या संघाचा नाहीच. स्वतःच्या पोरांना टाळ्या कोण वाजवत नाही? मुद्दा परक्यांच्या पोरांचा आहे.

२००१ मध्ये माउंटन वेस्ट नावाच्या नव्या कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाच्या, विजेत्याला थेट प्रवेश द्यायचा होता, पण निवड समितीच्या हातातल्या ३४ जागा कमी करायच्या नव्हत्या. म्हणून ६४ संघांचे ६५ झाले. एक संघ जास्त झाला म्हणजे एक सामना जास्त. तो मंगळवारी, कामाच्या दिवशी, रात्री, आणि तोही यादीतल्या तळाच्या दोन संघांत. तो डेटनला आला. लुइझियानाचा नॉर्थवेस्टर्न स्टेट आणि साउथ कॅरोलायनाचा विन्थ्रॉप, ७१-६७. या दोन्ही कॉलेजांशी डेटनच्या कुणाचं काहीही नातं नव्हतं. तरी लोक गेले. पुढच्या वर्षी पुन्हा गेले. २०११ मध्ये संघ ६८ झाले, एका सामन्याचे चार झाले, आणि चारही डेटनलाच राहिले. २०२१ मध्ये महामारीमुळे सगळी स्पर्धा इंडियानात झाली, ते सोडलं तर ही गाठ सुटलेली नाही. पुरुषांच्या या स्पर्धेचे सगळ्यात जास्त सामने देशातल्या कुठल्या वास्तूत झाले, असं विचारलं तर उत्तर न्यूयॉर्क नाही, शिकागो नाही. यूडी अरीना. कोलंबसकर, हे लिहून घ्या.

आतलं दृश्य कसं असतं ते सांगते, कारण टीव्हीवर ते दिसत नाही. स्पर्धेच्या आठवड्यात अरीनातल्या रोजच्या जाहिराती काळ्या कापडानं झाकून टाकतात. टेबलावर पाण्याचा ग्लाससुद्धा स्पर्धेचा शिक्का असलेलाच लागतो. खालची लाकडी फरशी बाहेरून येते, देशभर एकसारखी दिसणारी. म्हणजे आपलं घर आठवडाभर दुसऱ्याचं होतं. आणि त्या घरात येऊन बसतात ती आपलीच माणसं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक आजी असतात, फ्लायर्सच्या जुन्या सीझन-तिकीटवाल्या. त्या आधी दोन्ही संघांच्या खेळाडूंची यादी मागून घेतात. मग पेनानं खुणा करतात. कोण कुठल्या गावचा, कोण किती उंच, कोण शेवटच्या वर्षाला आहे. पहिली पाच मिनिटं त्या नुसतं बघतात. मग एका नावाभोवती गोल करतात, आणि त्यानंतर दोन तास तो मुलगा त्यांचा नातू असतो. असं आमच्याकडे हजारो लोक करतात, कुणी न सांगता. मध्यंतरापर्यंत अख्ख्या अरीनानं आपला संघ निवडलेला असतो, आणि तो बहुतेक वेळा मागे पडलेला संघ असतो.

२०१२ मध्ये अध्यक्ष ओबामा ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांना घेऊन आले होते. बास्केटबॉल दाखवायला त्यांना देशात हवी ती जागा मिळाली असती. त्यांनी डेटनचा मंगळवार निवडला. कॅमेरूनसाहेबांनी हॉट डॉग खाल्ला, ओबामांनी नियम समजावले. आमच्या गल्लीत पुढे महिनाभर चर्चा होती ती हॉट डॉगला मोहरी लावली होती की नाही याची. पण बास्केटबॉलचं सांगते. वेस्टर्न केंटकी पाच मिनिटांहून कमी वेळ उरला असताना १६ गुणांनी मागे होता आणि ५९-५८ असा जिंकला. त्याच रात्री दुसऱ्या सामन्यात बीवाययू २५ गुणांची पिछाडी भरून काढून जिंकला. दोन्ही वेळा आवाज असा होता की माझा नवरा, जो पहिल्या सामन्यानंतर ‘उद्या ऑफिस आहे’ म्हणत कोट घालून उभा होता, तो कोट घालूनच शेवटपर्यंत उभा राहिला.

आणि फेअरली डिकिन्सन! हे सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही. न्यू जर्सीचं कॉलेज. आदल्या हंगामात चार सामने जिंकून बावीस हरलेला संघ. पहिल्या दर्जाच्या संघांत सगळ्यात बुटका. आपल्या कॉन्फरन्सची अंतिम लढत ते हरले होते, पण जिंकलेला मेरिमॅक अजून नियमानं पात्र नव्हता, म्हणून यांना जागा मिळाली. १५ मार्च २०२३ ला ते डेटनला आले आणि टेक्सास सदर्नला ८४-६१ असं हरवलं. आजींनी त्या दिवशी एकाऐवजी दोन नावांना गोल केले होते. मग ती मुलं सत्तर मैलांवर कोलंबसला गेली. कोलंबसकर, तिथे तुम्ही काय पाहिलंत? पर्ड्यूचा झॅक ईडी, सात फूट चार इंच, स्पर्धेत पहिलं मानांकन मिळालेला संघ, आणि समोर ही बुटकी मंडळी. ६३-५८. सोळावं मानांकन असलेल्या संघानं पहिल्या मानांकिताला हरवण्याची पुरुषांच्या स्पर्धेतली ही दुसरीच वेळ. लोक म्हणतात तो चमत्कार कोलंबसला घडला. मी म्हणते, त्या पोरांना ‘आपण इथले आहोत’ असं पहिल्यांदा वाटलं ते डेटनला. आठ हजार, दहा हजार, बारा हजार अनोळखी माणसं तुमच्यासाठी उभी राहतात, तेव्हा तुमच्या खांद्यांत काहीतरी बदलतं. व्हीसीयू, म्हणजे व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाचा संघ, २०११ मध्ये डेटनहून निघून थेट फायनल फोरपर्यंत गेला, तेव्हाही मला हेच वाटलं होतं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१५ मध्ये निवड समितीनं डेटनच्याच संघाला फर्स्ट फोरमध्ये टाकलं. बाकी फेऱ्यांत कुठल्याही संघाला स्वतःच्या मैदानावर खेळता येत नाही, फर्स्ट फोरला ती सूट आहे. समोर बॉइझी स्टेट. डेटन ५६-५५ जिंकलं. एका गुणानं! मी त्या दिवशी घसा बसेपर्यंत ओरडले, पण माझं स्पष्ट मत आहे की ते न्यायाचं नव्हतं. यजमानानं पाहुण्याला असं ताटावरून उठवू नये. ती सूट काढून टाकावी, असं मी डेटनमध्ये बोलते तेव्हा माझ्याकडे चहा येणं बंद होतं. तरी बोलते.

आता माझी तक्रार. एका मोठ्या शहरातल्या, छप्पर असलेल्या फुटबॉल स्टेडियममध्ये आम्ही या स्पर्धेचा सामना पाहायला गेलो होतो. नाव घेत नाही. माझे सासरे तेव्हा कोल्हापूरहून आले होते, म्हटलं त्यांना अमेरिकेतलं काहीतरी खरं दाखवू. तिकिटं एवढी महाग की त्या पैशात आम्ही घरातल्या सगळ्यांना डेटनला दोन्ही रात्री बसवलं असतं. गाडी लावायला पुन्हा पैसे. आत गेलो, जिने चढलो, आणखी चढलो. खुर्चीवर बसलो तर मैदान दिसेना. म्हणजे दिसत होतं, एक पिवळसर चौकोन, त्यावर काहीतरी हलतंय. सगळे जण वर टांगलेल्या पडद्याकडे मान करून बसलेले. बाबांनी पंधरा मिनिटं सोसलं. मग मला विचारलं, “सूनबाई, पडद्यावरच बघायचं होतं तर घरचा टीव्ही काय वाईट होता? निदान पाय तरी पसरता आले असते.” मी काय बोलणार? खाली कुणीतरी बास्केट टाकायचा, आणि आवाज आमच्यापर्यंत यायचा तो त्यानंतर, विरलेला. आमच्या वरच्या अर्ध्या रांगा तर रिकाम्याच होत्या. २०१४ च्या अंतिम सामन्याला टेक्सासच्या त्या अवाढव्य स्टेडियममध्ये ७९,२३८ माणसं होती असा विक्रम अभिमानानं सांगतात. त्यातल्या किती जणांना चेंडू दिसला, हे कुणी मोजत नाही. मला हे मनापासून खटकतं. खेळ वीस वर्षांच्या पोरांचा आहे, तो बघणाऱ्याच्या जवळ हवा.

परतीच्या वाटेवर गाडीत बाबा खासबागबद्दल बोलायला लागले. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधलेलं कुस्तीचं मैदान. मध्ये खोल आखाडा आणि चहूबाजूंनी चढत गेलेल्या पायऱ्या, कुठेही बसा, पैलवानाची पकड दिसते. बाबांच्या लहानपणी पंजाबचे, उत्तरेचे मल्ल यायचे. कोल्हापूर तेव्हा केवढंसं! पण देशातल्या पैलवानाला खासबागेत उतरायचं असायचं, कारण तिथे कुस्ती कळणारे लोक बसलेले असत. परक्या मल्लानं चांगला डाव टाकला तर फेटे उडायचे. मी त्यांना म्हटलं, बाबा, असंच एक अमेरिकेतही आहे, आणि मग घरी येईपर्यंत मी त्यांना अल्बुकर्कीची गोष्ट सांगितली. तीच तुम्हाला सांगते.

न्यू मेक्सिकोत अल्बुकर्की शहरात विद्यापीठाची अरीना आहे, नाव ‘द पिट’. खड्डाच. १९६६ ची. आधी छप्पर उभं केलं आणि मग त्याच्याखाली जमीन खणत गेले. खेळायची फरशी रस्त्याच्या पातळीखाली ३७ फूट. समुद्रसपाटीपासून पाच हजार फूट उंच शहर, त्यामुळे पाहुण्यांना धाप लागते. १९८३ मध्ये या शहराची वस्ती सव्वातीन लाखांच्या पुढे होती, फार नाही. आणि तिथे फायनल फोर झालं.

त्या वर्षी नॉर्थ कॅरोलायना स्टेटचा संघ हंगामात दहा सामने हरलेला होता. प्रशिक्षक जिम वाल्व्हॅनो. पहिल्या दोन फेऱ्या ऑरेगनमधल्या कॉर्व्हॅलिस या कॉलेजच्या गावात. पेपरडाइनला दोन जादा डावांनंतर ६९-६७ हरवलं, यूएनएलव्हीला ७१-७०. मग रीजनल यूटातल्या ऑग्डेनला. ऑग्डेन! ते त्या वेळी डेटनपेक्षाही लहान होतं. तिथे त्यांनी यूटाला हरवलं आणि मग राल्फ सॅम्पसनच्या व्हर्जिनियाला ६३-६२. मग अल्बुकर्की. अंतिम सामन्यात समोर ह्यूस्टन, ओलाजुवॉन आणि क्लाइड ड्रेक्सलरचं ह्यूस्टन. कुणी पैज लावायलाही तयार नव्हतं. ५२-५२ बरोबरी, शेवटचे सेकंद, व्हिटेनबर्गनं लांबून चेंडू फेकला तो कमी पडला, आणि बास्केटखाली उभ्या असलेल्या लोरेन्झो चार्ल्सनं तो हवेतच पकडून आत कोंबला. संपलं. ५४-५२. वाल्व्हॅनो मैदानभर धावत सुटला, मिठी मारायला कुणीतरी शोधत. ते चित्रण आजही प्रत्येक मार्चमध्ये दाखवतात.

आता लक्षात घ्या, मंडळी. या स्पर्धेच्या इतिहासातली लोकांना सगळ्यात जास्त आवडणारी विजयकथा, तिचे सहाच्या सहा सामने कॉर्व्हॅलिस, ऑग्डेन आणि अल्बुकर्कीत झाले. मॅजिक जॉन्सन आणि लॅरी बर्डचा १९७९ चा अंतिम सामना सॉल्ट लेक सिटीत, विद्यापीठाच्या पंधरा हजारांच्या अरीनात. १९७४ चं फायनल फोर ग्रीन्सबरोला. १९८५ ला व्हिलानोव्हानं जॉर्जटाउनला हरवलं ते लेक्सिंग्टनला. या शहरांना ते झेपलं नव्हतं, असं कुणी म्हणेल का?

अध्यक्षबाईंनी चिठ्ठी पाठवली आहे, सात मिनिटं. बरं. वडे तळून होत आले आहेत, वासच सांगतोय. मग खरा विषय आता पटापट.

शहराला झेपणं म्हणजे काय काय लागतं? पहिली, जागा. पहिल्या-दुसऱ्या फेरीसाठी किमान दहा हजार खुर्च्यांची अट असते. मध्यम शहरांत एवढी अरीना बऱ्याच ठिकाणी आहे. फायनल फोरला साठ हजार लागतात. १९९६ नंतर साध्या बास्केटबॉल अरीनात फायनल फोर झालेलंच नाही. ते दार आपल्याला बंद आहे, त्यावर मी आज डोकं आपटत नाही. पण जागा नुसती असून भागत नाही, ती सांभाळावी लागते. आता सिनसिनाटीकरांचं मौन. २०२२ चे पहिल्या फेरीचे सामने सिनसिनाटीला देऊ केले होते, नदीकाठच्या अरीनाची दुरुस्ती करण्याच्या अटीवर. दुरुस्ती झाली नाही, सामने इंडियानापोलिसला गेले. सिनसिनाटीचा सगळा परिसर धरला तर वस्ती बावीस लाखांच्या आसपास, आमच्या डेटन परिसराची आठ लाखांच्या थोडी वर. आमच्या विद्यापीठानं त्याच काळात सात कोटी डॉलरहून जास्त खर्चून अरीना नवी करून घेतली, तीन उन्हाळे काम चाललं, एकही हंगाम बंद ठेवला नाही. तेव्हा वस्तीचा आकडा बाजूला ठेवा.

दुसरी, राहायची सोय, आणि खरं दुखणं इथेच आहे. लग्नात एका वऱ्हाडाचं जानवसं करताना नाकी नऊ येतात. इथे आठ वऱ्हाडं एकदम उतरतात, प्रत्येकाचा स्वतंत्र मुक्काम, त्यांचे वाजंत्रीवाले वेगळे, रुसवेफुगवे वेगळे, आणि जो हरेल तो त्याच रात्री निघणार. वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनचं उदाहरण घ्या. सुंदर शहर, पुन्हा पुन्हा यजमान झालेलं. २०२४ च्या मार्चमध्ये पुरुषांचे सामने तिथे होते आणि त्याच वेळी तिथल्याच गोंझागा विद्यापीठाकडे महिलांच्या पहिल्या फेऱ्या. हॉटेलं भरून गेली. यूटाच्या महिला संघाला तीसेक मैलांवर आयडाहोतल्या कुर डलीनला राहावं लागलं आणि तिथे रस्त्यावर त्यांना वर्णद्वेषी शिव्या ऐकाव्या लागल्या. मुली घाबरल्या, मुक्काम हलवावा लागला. हे आठवलं की मला आजही राग येतो. आपल्या पाहुण्यांना आपण कुठे झोपवतो याची जबाबदारी आपली असते, शहराची हद्द संपली म्हणून ती संपत नाही. तेव्हा मध्यम शहरानं अर्ज करताना आधी खोल्या मोजाव्यात आणि त्याच तारखांना दुसरं काही येत असेल तर नाही म्हणायची तयारी ठेवावी. आयोवातल्या डे मॉइनकडून शिकण्यासारखं आहे. सव्वादोन लाखांच्या आतलं शहर, पण २०१६, २०१९ आणि २०२३ असे तीनदा यजमान. तिथे मधल्या भागात इमारतींना जोडणारे बंदिस्त पूल आहेत, मैलोन्‌मैल. मार्चच्या थंडीत प्रेक्षक हॉटेलातून अरीनापर्यंत चालत जातात.

तिसरी, कायदा. हे लोकांच्या लक्षात येत नाही. साउथ कॅरोलायनाच्या विधानभवनासमोर कॉन्फेडरेट झेंडा होता म्हणून त्या राज्याला वर्षानुवर्षं हे सामने मिळत नव्हते. २०१५ मध्ये झेंडा उतरला. २०१६ मध्ये शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनानं ट्रान्सजेंडर लोकांवर निर्बंध आणणारा कायदा केला, ग्रीन्सबरोचे सामने काढून घेतले, आणि ते २०१७ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलला गेले. ग्रीनव्हिलची वस्ती सत्तर हजारांच्या आसपास. शहरानं कमावलेलं विधानसभा एका दिवसात घालवू शकते. उलटही होतं.

फरशीबद्दल एक वाक्य, राहवत नाही म्हणून. कुणी म्हणालं की लहान शहराला बारकावे जमणार नाहीत, तर त्यांना २०२४ चं पोर्टलंड सांगा. महिलांच्या रीजनलमध्ये एका बाजूची तीन गुणांची रेषा सुमारे नऊ इंच चुकलेली होती, आणि काही सामने होऊन गेल्यावर ते कळलं. त्याच आठवड्यात दुसरी रीजनल लाखभर वस्तीच्या ऑल्बनीत होती. तिथे आयोवा आणि एलएसयू (लुइझियाना स्टेट) खेळले, आयोवाच्या केटलिन क्लार्कनं ४१ गुण केले आणि टीव्हीवर सव्वा कोटीच्या आसपास लोकांनी ते पाहिलं. महिलांच्या कॉलेज बास्केटबॉलचा तोवरचा विक्रम. ऑल्बनीला झेपलं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. महिलांच्या रीजनल ग्रीनव्हिल, ऑल्बनी, स्पोकेन, बर्मिंगहॅम इथे होतात. पुरुषांच्या मात्र २०२४ मध्ये बॉस्टन, लॉस एंजेलिस, डॅलस आणि डेट्रॉइट. चारही महानगरं. चारपैकी एक तरी दरवर्षी मध्यम शहराला राखून ठेवा. रीजनलला चारच संघ, तीनच सामने. राहायची सोय पहिल्या फेरीपेक्षा सोपी. तिकिटांचं उत्पन्न कमी होईल, हा एकच आक्षेप मला खरा वाटतो, आणि तो मी मान्य करते. पण भरलेली बारा-तेरा हजारांची अरीना टीव्हीवर कशी दिसते आणि वर रिकाम्या रांगा असलेलं स्टेडियम कसं दिसतं, हे प्रक्षेपणवाल्यांना विचारा.

आणि ज्या शहरांना हे हवंय त्यांच्यासाठी. हो, अध्यक्षबाई, शेवटचंच. मोठ्या सामन्यासाठी अर्ज करण्याआधी छोट्या सामन्यांना गर्दी करायची सवय लावा. ओहायोच्या शाळांच्या राज्य अंतिम फेऱ्या २०२१ पासून यूडी अरीनात होतात. मुलांच्या आणि मुलींच्याही. कुठल्या तरी खेड्यातली शाळा येते, आणि डेटनचे लोक तिकीट काढून बसतात. फर्स्ट फोरच्या वेळी आमच्याकडची स्थानिक समिती हवाई दलाच्या तळावरच्या सैनिकांना आणि शाळकरी मुलांना तिकिटं देते, त्यातून पुढचे प्रेक्षक तयार होतात. पहिल्या फेरीच्या शहरांत आदल्या दिवशीचा सराव फुकट बघता येतो. तिथे मुलांना शाळा बुडवून घेऊन जा, मी सांगते म्हणून सांगा. येत्या मार्चमध्ये मंगळवारी मी आहेच. आजींच्या पलीकडे चार जागा धरून ठेवते. कोलंबसकरांनी आधी फोन करावा, सिनसिनाटीकरांनी नुसतं यावं.